धोंडोजी मेस्त्री यांणी उघड्या ट्रेलरावर अखंड चौकट घाटापार नेली ती हकीकत

श्री. प्रथम वंदन विश्वकर्म्याचे चरणी, ज्याने आकाश व धरित्री यांचा सांधा खिळ्यावाचून बसविला; दुसरे वंदन त्या चाकांस, जी परक्याचा भार आपला मानून वाहतात. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. एक राज्य होते. त्या राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही, कारण ज्याने त्याने आपलेच समजावे. त्या राज्यात व्यापार उदंड, कारागीर नामांकित, रस्तेही पुष्कळ. परंतु मालाची वाहतूक सर्वस्वी बंदिस्त टेंपोंचे हाती होती, आणि त्या टेंपोंचे सरदार हैबतराव शेवाळे हे होते. सरदारांचे अकरा टेंपो, अकराही चहूकडून पत्र्याने मढविलेले, मागील बाजूस एक दार, आत अंधार. त्यामुळे राज्यात ऐसा परिपाठ पडला की वस्तू घराच्या मापाने न करिता टेंपोच्या मापाने करावी. पलंग टेंपोत मावावा म्हणून आखूड केला जाई, आणि उंच माणसांचे पाय जन्मभर पलंगाबाहेर राहत. पाण्याचे लांब पाइप मध्यावर कापून नेत, पुन्हा जोडीत, आणि तो जोड गृहिणीच्या ओट्याखाली नेमाने गळे. लोक हे सर्व ईश्वरेच्छा मानून सोसत होते.

त्याच राज्यात धोंडोजी मेस्त्री म्हणून सुतारकामाचे कारखानदार नांदत होते. वय साठीचे, बोलणे थोडे, हात ऐसा की रंधा फिरविला तर लाकूड उन्हासारखे लकाके. त्यांचे कुटुंब मथुराबाई, बुद्धीने तेज व जिभेने त्याहून तेज. त्यांस एकच कन्या, गोदावरी, घाटापलीकडील वाडीत दिली होती. तिने व जावयाने तेथे नवे घर बांधावयास घेतले. तेव्हा धोंडोजींनी मनाशी निश्चय केला की लेकीच्या घराची मुख्य चौकट आपण आपल्या हाताने करावी आणि तीत लोखंडाचा एक खिळा नसावा. मग त्यांणी जुने सागवान आणिले, चार महिने खपले, गणेशपट्टीवर गजानन कोरिला, त्याखाली महिरप कोरिली, उंबरठा जाड व भक्कम घडविला, आणि सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकून सारे एकजीव केले. साडेआठ फूट उंच, सहा फूट रुंद ऐसी ती चौकट उभी राहिली. एकदा खुंटी बसली की ती चौकट पुन्हा उघडत नाही. उघडावयाची तर करवतच लावावी लागते.

मग धोंडोजी सरदारांकडे गेले आणि चौकट नेण्याविषयी विनंती केली. सरदारांनी फीत लाविली, मान हालविली, आणि म्हणाले की टेंपोच्या दारातून ही जावयाची नाही, मधोमध कापा, पलीकडे नेऊन लोखंडी पट्ट्यांनी जोडा, सारे राज्य ऐसेच करिते. धोंडोजी घरी परतले. इकडे व्याही केरोबा यांसही वार्ता कळली. हे केरोबा जातीने सुतारच, परंतु आता कारखान्यातील तयार लोखंडी चौकटी विकीत. मनुष्य वाईट नव्हे, पण व्यवहारी. त्यांणी निरोप धाडिला की चौकट उभी करण्याचा मुहूर्त माघ पंचमीस अकरा वाजून चाळीस मिनिटांचा, तो टळावयाचा नाही. आपली चौकट अखंड आली तर शिरसावंद्य, तुकड्यांनी आली तर गृहास अशुभ. माझी तयार चौकट भिंतीस टेकून ठेविली आहे, वेळ झाली की तीच उभी करू. हा निरोप ऐकून धोंडोजींनी त्या रात्री ताटावरून अर्धपोटी उठून पुनः पुन्हा चौकटीवरून हात फिरविला. चार महिन्यांचे काम वाया जाईल याचे दुःख नव्हते. लेक ज्या दारातून रोज आत-बाहेर करील ते दार बापाचे नसेल, हे सोसवेना.

तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "अहो, चौकट टेंपोत मावत नाही तर टेंपो चुकीचा आहे, चौकट नव्हे. भिंती नसलेली गाडी करा." हे वचन धोंडोजींच्या चित्तात दिव्यासारखे लागले. मग त्यांणी गावच्या लोहाराकडून दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद ऐसा उघड्या पाटाचा ट्रेलर करविला. मध्यावर आस, दोन चाके, पुढे दांडी, ती आपल्या जुन्या जीपच्या मागील हुकात अडकवावयाची. पाठीमागे तांबडे दिवे, कडेस पट्टे व दोर बांधावयाच्या कड्या, आणि रीतसर परवाना. भिंत एकही नाही. तो पौष मासी तयार जाहला आणि बाजारातून प्रथम निघाला तेव्हा लोक दुकानातून उठून पाहो लागले. सरदार आपल्या टेंपोस टेकून उभे होते. ते सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाले, "मेस्त्री, ही गाडी की बिनकाठाची परात? माल उघड्यावर नेणे म्हणजे घरातले भांडण ओसरीवर मांडणे." जीपमधून मथुराबाईंनी उत्तर केले, "आमच्या मालात लपवण्याजोगे काही नाही, सरदार. तुमचे तुम्ही पाहा." बाजार हसला, आणि सरदारही मिशीत हसले, कारण खुसखुशीत उत्तराचे ते चाहते होते.

पुढे चौकटीचा दिवस येईतो धोंडोजींनी तो ट्रेलर रोजच्या धंद्यास लाविला. प्रथम आपल्याच फळ्या आणिल्या, अखंड. मग एक पलंग पूर्ण लांबीचा केला आणि बांधूनच नेला, तो ज्या उंच गृहस्थाकडे गेला ते दुसरे दिवशी आभार मानावयास स्वतः चालत आले. नळकाम करणारा आला व म्हणाला माझे पाइप न कापता न्याल काय. नेले, शेवटास तांबडे फडके बांधून नेले, आणि त्या घरी ओट्याखालची बादली निवृत्त जाहली. मांडववाला आला, रोपवाटिकेची बाई आंब्याची झाडे घेऊन आली आणि झाडे वाऱ्यावर डोलत गेली, जणू अरण्य परगावी निघाले. टेंपोत आधी भरलेला माल शेवटी निघे, म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारी सर्वांचा माल उतरवावा लागे. येथे तीन बाजू मोकळ्या, ज्याचे त्याने कडेने ओढून घ्यावे. ऐसा ट्रेलर राज्यात प्रिय होत चालला. धोंडोजींस मात्र एकच चिंता, की पंचमी कधी येते आणि चौकट कधी पोचते.

पंचमीस उजाडता चौकट चढविली. येथे सुतारांची एक रीत सांगणे अवश्य आहे. गणेशपट्टी प्रवासात पुढे असावी, देवाचे मुख मार्गाकडे, आणि देवाच्या पुढे दुसरा कोणताही माल ठेवू नये. तसेच कवाडे मुहूर्तापूर्वी चौकटीच्या पोकळीत ठेवू नयेत. घर उघडण्याआधीच मिटले ऐसा त्याचा अर्थ होतो. या दोन्ही रीती धोंडोजींनी सोवळ्यासारख्या पाळल्या. चौकट आडवी निजविली, गजानन पुढे, जड उंबरठा मागे. आणि पितळी फुल्यांची दोन्ही कवाडे, ती तर फारच जड, उंबरठ्यावर आडवी रचिली. पट्टे आवळिले, दोर ताणिले, हळदकुंकू वाहिले. सारे शास्त्रशुद्ध जाहले, परंतु सगळे वजन आसाच्या मागे पडले.

मग धोंडोजी जीप हाकीत, शेजारी मथुराबाई व मागे दोघे कारागीर, ऐसे निघाले. वाटेत सरदार हैबतराव आपल्या टेंपोतून भरधाव पुढे गेले. तेही त्याच वाडीस केरोबांच्या भोजनाचे सामान घेऊन चालले होते, आणि जाताना त्यांणी हात हालविला. धोंडोजींनी वेग थोडा वाढविला, तोच मागे ट्रेलर मदोन्मत्त हत्तीसारखा डुलू लागला, डावीकडे, उजवीकडे, आणि जीपचे शेपूट आपल्याबरोबर झुलवू लागला. वेग उतरविला की तो शांत होई. ऐसे बैलगाडीच्या चालीने घाटाच्या पायथ्यास आले, चढास चाके लागली, तेव्हा मागील भार अधिकच मागे ओढू लागला, दांडी वर उचलू पाहे, आणि जीपची मागील चाके खडीवर घसरू लागली. धोंडोजींनी जीप कडेस घेतली, चाकांस दगड लाविले व खाली उतरले. दहा वाजून वीस मिनिटे जाहली होती.

धोंडोजी जन्माचे सुतार, तोल म्हणजे काय हे त्यांस कोणी शिकवावे ऐसे नव्हते. दोष कोठे आहे हे एका नजरेत कळले. एक कारागीर म्हणाला की मेस्त्री, चौकट उलटी फिरवू, उंबरठा पुढे घेऊ. धोंडोजी म्हणाले की देवाला पाठमोरा करून लेकीच्या दारी नेणार नाही. दुसरा म्हणाला की मग कवाडे तरी पोकळीत सरकवू. त्यावर धोंडोजी दगडावर बसले आणि चौकटीकडे पाहत राहिले. ज्या रीतींनी चौकटीस शुभत्व आले त्याच रीतींनी तिला रस्त्यावर खिळविले होते.

तेव्हा मथुराबाईंनी वर पाहिले, तो पहिल्या वळणावर सरदारांचा टेंपो उभा, बॉनेट उघडे, वाफेचा लोट निघालेला, आणि सरदार शेल्याने वारा घालीत आहेत. बाई पदर खोचून चालत वर गेल्या. सरदार म्हणाले की वहिनी, इंजिन तापून बसले, तासभर हालावयाचे नाही, आणि आत पुरणासाठी हरभऱ्याच्या डाळीची सहा पोती व गुळाच्या ढेपा आहेत. भोजन खोळंबले तर केरोबा मला पुन्हा दारात उभे करणार नाहीत. बाईंनी क्षणभर पोत्यांकडे पाहिले, क्षणभर खाली ट्रेलरकडे पाहिले, आणि हसल्या. म्हणाल्या, "सरदार, तुमच्याकडे वजन आहे अन् चाक नाही. आमच्याकडे चाक आहे अन् पुढे वजन नाही. पोती खाली आणा."

मग कारागीर, सरदारांचा चालक व स्वतः सरदार यांणी डाळ व गूळ खाली वाहून आणिला. धोंडोजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पण ठेवणार कोठे? देवापुढे ठेवता येत नाही."

"देवापुढे नाही, देवापाठी," मथुराबाई म्हणाल्या. "चौकटीच्या पोकळीत, गणेशपट्टीला लागून. कवाड आत ठेवले तर घर मिटते. धान्य आत ठेवले तर घर भरते. आता तुम्ही शास्त्र काढा बरे याच्याविरुद्ध."

धोंडोजींनी विचार केला, आणि त्यांस विरुद्ध शास्त्र सापडेना. उलट डोळ्यांत पाणी आले. मग सहाही पोती व ढेपा उभ्या दोन खांबांच्या मध्ये, गजाननाच्या पाठीशी, ताडपत्री अंथरून रचिल्या आणि पट्टे आवळिले. धोंडोजींनी दांडीवर हात ठेविला. ती आता जीपच्या हुकावर समजूतदारपणे टेकली होती. सरदार जीपमध्ये कारागिरांच्या मांडीला मांडी लावून बसले. जीप निघाली, खडीवर घसरली नाही, घाट चढू लागली, आणि मागे ट्रेलर सासरी निघालेल्या सालस मुलीसारखा सरळ चालू लागला. सरदार मागे वळून वळून पाहत होते. तिसऱ्या वळणावर त्यांणी विचारिले, "मेस्त्री, ही परात लोहाराने किती दिवसांत केली?" धोंडोजी म्हणाले, "एकवीस." सरदार बोटांवर काही मोजीत राहिले.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी वाडी आली. अंगणात लोक जमले होते, गवंडी थापी घेऊन उभे, पुरोहित घड्याळ पाहत होते, आणि केरोबांनी तयार लोखंडी चौकट भिंतीपासून उचलावयास दोन माणसे लाविली होती. तोच रस्त्याने जीप आली, तिच्यापाठी प्रथम गजाननाचे मुख दिसले, मग महिरप, मग चौकटीच्या आत भरलेले धान्य व गूळ. केरोबांनी हात वर करून आपल्या माणसांस थांबविले. जवळ आले, पोकळीतील पोती पाहिली, सांध्यांवर बोट फिरविले, खिळा शोधिला, सापडला नाही. पिढ्यांचे सुतार रक्त ते, क्षणभर आपण विक्रेते आहो हे विसरले आणि हळूच म्हणाले, "व्याही, आमच्या बापाच्या हातचे ऐसे काम होते." धान्य कडेने उतरले, कवाडे कडेने उतरली, आणि आठ माणसांनी चौकट पाटावरून सरळ बाजूस उचलली, न तिरपी करावी लागली, न कोठे घासली. अकरा चाळीसला ती जोत्यावर उभी राहिली. गोदावरीने उंबरठ्यास हळदकुंकू वाहिले आणि बापाकडे पाहून म्हणाली, "आबा, ओळंबा तुम्हीच धरा." धोंडोजींनी दोरी गणेशपट्टीस लाविली, ओळंबा सोडिला. तो एकदा हालला, दोनदा हालला आणि खांबाशी वरपासून खालपर्यंत सारखेच केसभर अंतर राखून स्थिर उभा राहिला. धोंडोजींनी दोरी गुंडाळिली नाही, तशीच हातात धरून उभे राहिले, आणि गोदावरी त्यांच्या हाताखालून, चौकटीतून, आत गेली.

येणेप्रमाणे हकीकत. केरोबांची लोखंडी चौकट गोठ्यास लागली व तेथे उत्तम शोभते. सरदारांनी फाल्गुनात चार ट्रेलर करविले. राज्यात पलंग लांब जाहले, पाइप अखंड राहिले, व्यापार वाढला, प्रजा सुखी जाहली. ज्याने जैसे घडविले तैसेच ते दारी पोचो. लेखनसीमा.