सरकारांना दाखवलेला अंगठा

सुनेने सासूला अंगठा दाखवला. तोही बंद दाराआड नव्हे, फोनवर, सगळ्या जगासमोर, आणि शेजारी स्वतःचा हसरा फोटो लावून! असलं वागणं सरकारांच्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं.

सरकार हे काही त्यांचं नाव नव्हे. पण घरातलं कुठलं भांडं कुठे राहील इथपासून गल्लीत कुणी गाडी कशी लावायची इथपर्यंत सगळे हुकूम त्यांचेच सुटायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सरकार म्हणायची, आणि ते त्यांना शोभायचंही. शाळा चौथीपर्यंत. सही मात्र अशी झोकात, की कागद कमी पडावा. एकदा बँकेतल्या कारकुनाने त्यांच्याकडे नुसतं बघून शाईचा पॅड पुढे सरकवला. सरकारांनी त्याच्याच खिशातलं पेन उपसलं, सही ठोकली आणि पेनासकट बाहेर पडल्या. तेव्हापासून अंगठ्याशी त्यांचं वैर होतं.

तर झालं असं. एका वर्तमानपत्राच्या पानावर, फोनमध्ये, रोज सकाळी 'गळका नळ' नावाची तीन चौकटींची चित्रकथा यायची. त्यातला प्लंबर दुनियेचे नळ दुरुस्त करतो आणि स्वतःच्या मोरीतला नळ ठिबकतच असतो. सासूला नवा फोन आला तेव्हा सुनेने ती चित्रकथा लावून दिली, खाली कमेंट कशी लिहायची तेही शिकवलं, आणि नावाच्या जागी हौसेने 'सरकार' असं घातलं. सरकारांना चित्रापेक्षा ती खालची जागा आवडली. हवं ते बोला, मध्ये तोंड घालायला कुणी नाही! त्या रोज एका बोटाने टकटक करून त्या प्लंबरला चार शब्द सुनावायच्या. कुणी दखल घेतली नाही, तरी त्यांचं काही अडलं नव्हतं.

आज तो प्लंबर वायसर शोधता शोधता सोफ्यावर घोरत पडला. सरकारांनी लिहिलं, "नळ वायसरमुळे गळत नाही. बायको गप्प बसते म्हणून गळतो."

आणि खाली अंगठा उगवला. त्यावर बोट दाबलं, तर सून.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. ती निघायच्या तयारीत दारात उभी असतानाच सरकार मुलाला म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, डबा ओट्यावर आहे."

"आई, मी इथेच आहे की," सून म्हणाली.

"तिला सांग, दिसतंय मला. चष्मा तिच्याच दुकानातला आहे."

मुलाने दोघींकडे बघितलं आणि शहाण्यासारखं बुटाच्या नाड्यांत डोकं घातलं.

"आई, माझं काही चुकलं का?"

"तिला म्हणावं, आपल्या अंगठ्याला विचार."

सुनेने अंगठा उलटसुलट करून बघितला. भिंग घासताना कापला होता, त्यावर पट्टी होती. सासूच्या नजरेतून एवढंसंही सुटत नाही, या विचाराने तिला भरून आलं. ती डोळे पुसत कामाला गेली.

इकडे अंगठ्यांना ऊत आला. सरकार भाजी चिरून येतात तो आकडा वाढलेला; कपडे वाळत घालून येतात तो आणखी. कोण कुठली माणसं, ओळख ना पाळख, आणि चौथी शिकलेल्या बाईला अंगठा दाखवतात! सुनेचं प्रकरण घरातलं, ते चव्हाट्यावर न्यायचं नव्हतं. बाकीच्यांना सोडायचं काही कारण नव्हतं. सरकारांनी पदर खोचला आणि एकेकाला नाव घेऊन उत्तरं लिहायला बसल्या.

"अंगठा तुझ्या वडलांना दाखव."

"फोटोत टाय लावलाय. आणि करणी ही?"

"ताई, केस पिकले तुमचे. आता तरी हात आवरा."

"मला माझी सही येते. तुझी दाखव."

त्यावर पिवळी गोल तोंडं येऊ लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बिचारे रडतायत, झाला पश्चात्ताप, असं म्हणून सरकार जरा निवल्या. काहींनी तर हातच जोडले. त्यांना सरकारांनी लिहिलं, "ठीक आहे. पुन्हा नको." पण गंमत अशी, की प्रत्येक माफीखाली पुन्हा नवे अंगठे. निगरगट्टपणाचीही काही हद्द असते!

दुपार कलली आणि कहर झाला. खुद्द चित्रकाराचा अंगठा आला. गोल फोटोत तोच घोरणारा प्लंबर, म्हणजे शंकाच नको. सरकारांनी ओल्या बोटाने लिहिलं, "मी रोज बघते म्हणून तुझं दुकान चालतं. मी वाढलेलं खाऊन मलाच अंगठा? तुझ्या आईला बोलाव. तिच्याशी बोलते."

रात्रीच्या जेवणाला सुनेने सासूच्या आवडीची आमटी केली. सरकारांनी ती दोनदा वाढून घेतली आणि मुलाला म्हणाल्या, "आमटी बरी आहे, पण कुणी केली ते मला सांगू नकोस."

सकाळी सून फोन घेऊन धावत स्वयंपाकघरात आली. हसून हसून तिला बोलवत नव्हतं.

"आई, बघा! चित्रकाराने खरंच आई बोलावली!"

चित्रात प्लंबरची आई पिशवी घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या चौकटीत तिने एका पिळात नळ बंद केला. तिसऱ्या चौकटीत मुलाने खूश होऊन अंगठा वर केला, आणि म्हातारी कडाडली, "अंगठा तुझ्या वडलांना दाखव!" खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या वाचक सरकार यांना सप्रेम'.

सरकारांनी चित्रातल्या म्हातारीचं नाक नीट न्याहाळलं. नाक ताठ होतं. ठीक होतं.

"आई," सून हळूच म्हणाली, "कालची तुमची सगळी उत्तरं आत्ता वाचली. अहो, तो अंगठा म्हणजे शाबासकी असते."

फोडणी करपायला लागली. सरकारांनी गॅस बंद केला.

"शाबासकी?"

"हो. आवडलं की अंगठा देतात."

"एवढ्या सगळ्यांनी मला शाबासकी दिली?"

"हो."

"मग ती पिवळी तोंडं रडत का होती?"

"हसून हसून पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत."

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. आता आई कशी वरमते, हे त्याला जन्मात एकदा बघायचं होतं. सरकार स्टुलावर बसल्या. चष्मा लावला, फोन घेतला आणि बोटाने पान खाली खाली सरकवू लागल्या. कालचं गेलं, परवाचं गेलं, त्याच्याही मागचं गेलं.

"आई, मी तर कालच सगळ्यांत आधी दिला होता," सून काकुळतीने म्हणाली. "आता बोला ना माझ्याशी."

सरकारांनी चष्म्यावरून तिच्याकडे थेट बघितलं.

"बोलते. काल अंगठा दिलास, तो गुन्हा माफ. पण मी एवढे दिवस इथे लिहितेय, आणि त्याच्या आधी तुझा एकही अंगठा नाही, त्याचं काय? बस इथे. पहिल्यापासून सुरू कर, आणि माझ्या प्रत्येक कमेंटला अंगठा दे."