तात्यांची लाल पेस्ट

गोरक्षनाथानं आयुष्यात मोठे निर्णय फारसे घेतले नव्हते. (जे मोठे होते ते बायकोनं घेतले आणि याला सवडीनं कळवले.) त्यामुळे वडील जाऊन सातव्या दिवशी, भरल्या सुतकात, त्यानं कुणाला न विचारता जो निर्णय घेतला तो अगदी एवढासा होता. कॉम्प्युटरचा आवाज बंद करायचा. बस, एवढंच.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. जेवणाच्या डब्याएवढा डबा, दोन पोळ्या आणि भाजी मावेल असा. पारनेरच्या कॉम्प्युटरवाल्या शाहबाजनं दिला तेव्हा सांगितलं होतं, "गोरखभाऊ, जागा खात नाही, लाईट खात नाही." कान खातो हे सांगायचं राहिलं. आत बिस्किटाएवढा पंखा. पहिली दोन वर्षं तो गुणी पोरासारखा राहिला. तिसऱ्या वर्षी कण्हायला लागला आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं सरळ गळा काढला. डबा तापला की पंखा हळूहळू सूर चढवत न्यायचा, वर जाऊन थरथरायचा, आणि दमून पुन्हा खाली. घूंऽऽऽ... ऊंऽऽऽ... हूंऽऽ.

बंद करून ठेवावा, तर एकदा बंद केला की परत चालू व्हायला त्याची दोन-दोन दिवस मनधरणी करावी लागायची. आणि गोरखचा धंदा तो असा, की थांबून चालत नाही. पुढच्या खोलीत बसून तो फ्लेक्स आणि पत्रिका बनवायचा. लग्नाच्या थोड्या, दशक्रियेच्याच जास्त. आसपासच्या दहा गावांत कुणीही गेलं की तिसऱ्या दिवशी फोटो गोरखच्या टेबलावर. कुणाच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, कुणाच्या डोक्यावर फेटा चढवायचा, मागं निळं आभाळ टाकायचं, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. उभ्या गावाला त्यानं मरणानंतर देखणं केलं होतं.

आणि आता स्वतःचा बाप गेला होता.

तात्या अठ्ठ्याहत्तरचे होऊन गेले, पण तोंडातले दात बत्तीसच्या बत्तीस. म्हातारा ह्या एका गोष्टीवर जगला म्हणा ना. लाल लवंगेची पेस्ट, ती फक्त त्यांची. तिला कुणी हात लावायचा नाही. घासून झालं की ट्यूबवर पेनानं रेघ मारून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी रेघ तपासायचे. एकदा जावयानं चुकून बोटभर घेतली, तर दिवाळीभर त्याच्याशी बोलले नाहीत. एवढे दात, पण फोटोत मात्र ओठ घट्ट मिटलेले. आधारकार्डावरचा फोटो तर असा, की पोलिसांनी नुकतंच धरून आणलंय आणि वकील आल्याशिवाय म्हातारा काही बोलणार नाही.

हसरा फोटो एकच. नातीनं, निकितानं, मोबाईलवर गुपचूप काढलेला. तात्यांना कळलं तेव्हा ते तिच्या डोक्यावर उभे राहिले. "पूस. माज्यासमोर पूस." तिनं पुसला. पण त्याआधी तो बापाच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवला होता. तेवढाच राहिला.

मालनबाईंनी, म्हणजे गोरखच्या आईनं, सावडायच्या दिवशी पोराला एकच गोष्ट सांगितली होती. "गोरख, मला दुसरं काय नगं. दहाव्याला त्येंचा हसरा फोटू लाव. पन्नास वर्षं संसार केला, चारचौघांत हासलं न्हाई मानूस. जाताना तरी हासू दे."

गोरख म्हणाला होता, "आई, असा फ्लेक्स करतो की तालुका बघंल."

तर सातवा दिवस. दुपारी भेटायला माणसं येत होती आणि बसवायला जागा तीच, पुढची खोली. बायकांचं रडणं रीतीनं चाललं होतं. पाहुणी उंबऱ्यात आली की गळा काढायची, मालनबाईंच्या गळ्यात पडायची, मग पाणी, मग गप्प. पण बायका गप्प झाल्या की कोपऱ्यातून डबा सुरू व्हायचा. ऊंऽऽऽ... हूंऽऽ.

रंगुबाई आत्या, तात्यांची सख्खी बहीण, कानानं जरा कमी. त्यांनी पदर बाजूला करून विचारलं, "कोन गं ती? कवाधरनं रडती. कुनाकडची?"

"आत्या, तो कॉम्प्युटर हाय," राजेश्वरी म्हणाली. गोरखची बायको.

"कोन?"

"कॉम्प्युटर!"

"मग त्येला म्हनावं, बाबा, आवर. सख्खी भन मी हितं बसलीय, माज्या वर रडायचं कुनाला कारन न्हाई."

खोलीतली एक सून पदरात तोंड घालून हसली. दुसरी खोकली. मालनबाईंनी मान खाली घातली आणि गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या दुखवट्यात लोक हसले, आणि ते याच्या डब्यामुळं.

तो मागच्या ओट्यावर गेला आणि शाहबाजला फोन लावला.

"गोरखभाऊ, धूळ साचली असणार आणि पेस्ट वाळली असणार," शाहबाज म्हणाला. "आत चीप असते, तिच्यावर पेस्ट असते. ती वाळली की चीप तापते, पंखा बोंबलतो. डबा खोला, जुनी पुसा, नवी लावा. मीच आलो असतो, पण दुकानात एकटा आहे."

"कुठली पेस्ट?"

"कुठलीपण चालते. जरा गार ठेवणारी घ्या."

"किती लावू?"

"दाण्याएवढी. जास्त नको, आणि हे बघा..."

पण तेवढ्यात उंबऱ्यात नवी पाहुणी आली, घरातून हंबरडा उठला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. (पुढचं ऐकलं असतं तर ही गोष्ट झाली नसती. पण गोरखनं पुढचं असं कधी ऐकलंय?)

आता तुम्हीच सांगा, त्याचं काय चुकलं? पेस्ट म्हटल्यावर आपल्याकडं माणूस कुठं बघतो? मोरीच्या फळीवर. दाण्याएवढी, म्हणजे दात घासायलाही तेवढीच लागते. आणि गार ठेवणारी म्हणाल तर तात्यांच्या लाल पेस्टएवढी गार अख्ख्या घरात काही नव्हतं, टाळूपर्यंत मिरमिरायची. तात्यांचं धोतर, काठी, वहाणा सगळं कुणाकुणाला द्यायचं ठरलं होतं, पण अर्धी वापरलेली ट्यूब कोण घेणार? ती फळीवर तशीच पडून होती, शेवटच्या रेघेसकट.

ट्यूब हातात घेतल्यावर त्याचा हात जरा थबकला. मग त्यानं मनाशी म्हटलं, तुमच्याच फोटोसाठी घेतोय, तात्या.

त्यानं डबा मागच्या ओट्यावर नेऊन खोलला, फुंकर मारून धूळ काढली (निम्मी त्याच्याच डोळ्यात गेली), जुनी पांढरी खपली खरवडली आणि नवी पेस्ट लावली. दाण्याएवढी लावली आणि त्याला ते चिकटपणाचं वाटलं. तीन वर्षं तापलेलं यंत्र, दाण्यानं काय होणार? आयुष्यभर बापानं दाण्यादाण्यानं वापरली, आता बापाच्या कामाला तरी हात सैल सोडावा. त्यानं ट्यूब खालून गुंडाळत आणली, पार शेवटपर्यंत पिळली आणि रिकामी परत फळीवर ठेवली.

डबा पुढच्या खोलीत नेऊन चालू केला, आणि नवल म्हणजे तो पहिल्याच खेपेला चालू झाला. आवाज नाही. अजिबात नाही.

गोरखच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो मांडी घालून बसला आणि पडद्यावर तात्यांचा हसरा फोटो उघडला. बत्तीस दात, डोळे बारीक झालेले. पाहता पाहता त्याला एकदम रडूच आलं. सात दिवस माणसं, सामान, भटजी यांत ते राहूनच गेलं होतं.

दहा-पंधरा मिनिटं गेली. आणि मग खोलीत वास सुटला. आधी हलका, मग दाट. लवंगेचा.

रंगुबाई आत्यांचे कान गेले होते, नाक शाबूत होतं. त्या ताठ झाल्या. "वैनी," त्या म्हणाल्या, "भाऊचा वास येतोय."

मालनबाईंनी मान वर केली. डोळे मिटून श्वास घेतला. "व्हय," त्या म्हणाल्या. "त्येच हायत. सकाळी मोरीतनं आले की असाच वास यायचा."

"भाऊऽऽ! आलास का रं भाऊऽऽ!"

मग काय विचारता! अख्खी खोली उठली. कुणी दाराकडं हात जोडले, कुणी अंगारा आणायला धावलं. रडारड अशी झाली की पंखा रडत असता तर लाजला असता. त्या सगळ्यात मालनबाई तेवढ्या शांत बसल्या होत्या. सात दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. "भेटून गेले," त्या हळूच म्हणाल्या.

गोरखनं तोंड उघडलं, आईकडं पाहिलं आणि परत मिटलं. तेवढ्यात लवंगेच्या वासात जळकट वास मिसळला, पडदा एकदा लुकलुकला आणि तात्या हसता हसता काळे झाले.

दुसऱ्या दिवशी पारनेरला शाहबाजनं डबा उघडला. मग त्यानं बोटावर लाल काहीतरी घेऊन हुंगलं.

"गोरखभाऊ, ही दाताची आहे."

"तू म्हणालास, कुठलीपण."

"अहो, चीपची पेस्ट वेगळी असते! आणि एवढी? दाबली गेली आणि सरळ पंख्यात घुसली. चीप गार झाली म्हणून पंखा गप्प नव्हता, चिकटला होता. मग वितळून ओघळ गेला डिस्कवर. सगळं शॉर्ट."

"फोटो?"

शाहबाजनं मान हलवली. मग म्हणाला, "माझीच चूक. दुकान बंद करून यायला पाहिजे होतं." दुसऱ्याचा अपराध अंगावर घेणारी माणसं असतात अजून. पण त्यानं फोटो परत येत नाही.

गोरखनं घरी येऊन सांगितलं, यंत्र बिघडलं. का बिघडलं ते नाही सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "बरं." त्या 'बरं'नं त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी फ्लेक्स पारनेरमधूनच झाला, आधारकार्डावरच्या फोटोचा. गावाला देखणं करणाऱ्याचा बाप चौकात चोरासारखा उभा राहिला.

दहावा ओढ्याच्या बंधाऱ्यावर. गाव लोटलं होतं. प्रवचन झालं, तीन पुढाऱ्यांची श्रद्धांजली झाली, त्यातल्या एकानं तात्यांना दोनदा दुसऱ्याच नावानं हाक मारली. पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर रांगेनं बसले होते, पण एक खाली येईना.

"काय इच्छा राहिली आसंल," कुणीतरी म्हणालं.

पिंडासमोर एकेक वचन देणं सुरू झालं. निकिताला शिकवू. आला नाही. आईला अंतर देणार नाही. आला नाही. आत्याला दर दिवाळीला साडी. (हे आत्यांनीच सुचवलं.) तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. मालनबाई पिंडाकडं बघत होत्या. "माज्यावर राग हाय का वो?" त्या पुटपुटल्या.

ते गोरखला सहन झालं नाही. तो पुढं झाला, पिंडासमोर गुडघ्यावर बसला आणि आख्ख्या गावादेखत बोलला, "तात्या, आईवर राग धरू नका. तुमची लाल पेस्ट मी संपवली. कॉम्प्युटरला लावली. त्यानंच तुमचा हसरा फोटो गेला. त्या दिवशी वास आला तो तुम्ही न्हवता, पेस्ट होती. चुकलो. उद्या नवी ट्यूब आणून फळीवर ठेवतो. तिला कुणी हात लावणार न्हाई."

आणि बाभळीवरून एक कावळा निघाला, सरळ खाली आला आणि चोच मारून घास घेऊन गेला.

गावाला हसावं की हात जोडावेत कळेना. गोरखची मान वर होईना. आई जवळ आली. तिचं ते एवढंसं सुख आपण हिरावून घेतलं, आता ती काय बोलेल या भीतीनं तो तसाच बसून राहिला.

"ट्यूब रिकामी झालेली मला सातव्याच दिशी सांजंला दिसली," मालनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आले तसं घासून गेले." त्यांनी डोळे पुसले. "आसू दे. वास तर त्येंचाच हुता न्हवं?"

परतताना चौकात त्या फ्लेक्ससमोर थांबल्या. ओठ मिटून, डोळे वटारून तात्या उभे होते, नेमके गोरखच्या दाराकडं बघत. मालनबाईंनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा पोराकडं.

"ह्योच फोटू बरा," त्या म्हणाल्या. "हासरा लावला आसता तर लोकांनी इचारलं आसतं, कशाला हासतोय. आता कशानं चिडलाय त्ये सगळ्या गावाला ठावं हाय."

आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.