ट्रॅम्पोलिनवरच्या कुरडया

"आई, आज नको. दुपारी सदर्ली येतेय," फोनमध्ये डोकं घालून यतीन म्हणाला.

"ही कोण बाई?" शांताबाईंनी चिकात उलथनं फिरवत विचारलं.

"बाई नाही गं, दक्षिणेचा वारा. अंटार्क्टिकावरून येतो थेट. आत्ता पारा एकोणतीसपर्यंत जाईल, मग तासाभरात तेरावर. ख्राइस्टचर्चचं हवामान आहे हे, चारी ऋतू एका दिवसात भेटतात."

"पुण्यात वेधशाळेनं पाऊस सांगितला की आम्ही निर्धास्त वाळवणं घालायचो. तू साइटवर जा."

यतीननं फोन खिशात टाकला. इमारती उभ्या करणारा इंजिनिअर असला तरी आईपुढे त्याचं काही चालत नसे. आणि या खेपेला शांताबाई इरेला पेटल्या होत्या. सून दीप्ती सातव्या महिन्यात होती आणि तिला अन्न म्हणून गोड लागत नव्हतं. वरण नको, मासे नकोत, आंबट नको, तिखट नको. शांताबाई पुण्याहून आल्या तेव्हा एकदाच ती पुटपुटली होती, "कुरडई खावीशी वाटते." झालं! रविवारी डोहाळजेवण. त्या दिवशी सुनेच्या ताटात आपल्या हातची फुललेली कुरडई पडली नाही, तर सासू म्हणून जन्माला येऊन उपयोग काय? दुकानातली आणू का, असं यतीन एकदाच म्हणाला होता. पुन्हा म्हणाला नाही.

गहू तीन दिवस भिजले, वाटले गेले, चीक तळाशी बसला. शुक्रवारी पहाटे पाचला शांताबाईंनी पदर खोचला. थोडा चीक फ्रिजमध्ये राखून बाकीचा शिजवला. आता प्रश्न जागेचा. गच्ची नाही. अंगणात गवत, गवतात मुंग्या, शिवाय शेजारणीचं मांजर. शांताबाईंची नजर नातीच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनवर गेली. उंच, काळंभोर, तापणारं, वर चहूबाजूंनी जाळी. देवानं वाळवणासाठीच घडवलेलं! फक्त ते कुंपणाच्या सावलीत, चार पट्ट्यांनी जमिनीला जखडलेलं होतं.

शाळेला निघालेली सिद्धी पट्ट्या सुटताना बघून ओरडली, "आजी, नो! डॅड टाइड इट. फॉर द विंड!"

"वाऱ्याला काय भ्यायचं? वाऱ्यानंच तर वाळतात. धर पुढून."

पुढून सिद्धी, मागून आजी, असं ते ट्रॅम्पोलिन भर उन्हात आलं. त्यावर प्लास्टिक अंथरून, कडेनं कपड्यांचे चिमटे लावून शांताबाई सोऱ्या घेऊन चढल्या. गुडघे कुरकुरत होते, खालचं कापड झोके देत होतं, पण अकराच्या आत सगळ्या कुरडया घातल्या गेल्या.

पश्चिमेला डोंगरांवर ढगांची एक मोठी कमान दिसत होती. तिच्याखालून वारा सुटला, तोही कसा? भट्टीचं दार उघडल्यासारखा. अर्ध्या तासात कुरडयांच्या कडा कडक! शांताबाई खुशीत आल्या. त्यांनी बऱ्याचशा सुटवून उलट्या घातल्या. "याला म्हणतात हवा! उगाच नावं ठेवतो मेला," असं म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहाला उकळी यायच्या आत बाहेर धडाड असा आवाज झाला. खिडकीतून बघतात तो ट्रॅम्पोलिन जागेवर नाही! ते कुंपणावर तिरकं उभं राहिलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि शेजारच्या रेविनच्या बागेत उतरलं. सुटवलेल्या कुरडया मात्र त्याच्याही पुढे गेल्या.

"अगं बाई गं! माझ्या कुरडया!" शांताबाई सिद्धीच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायांत अडकवून धावल्या. दीप्ती आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. कानात हेडफोनची बोंडं घातलेली, तिला पत्ताच नाही.

शेजारी पाहतात तो सत्तरीची रेविन शिडीवर उभी. एकेक कुरडई अलगद उचलून हेजच्या, म्हणजे झुडपी कुंपणाच्या, फांद्यांत नीट बसवत होती. डोळ्यांत पाणी.

"किया ओरा, शांता! बघ ना काय झालं! सगळी घरटी पडली. बिचारे पक्षी!" ती इंग्रजीत हळहळली.

"नो बर्ड! नो बर्ड!" शांताबाई हात हलवत म्हणाल्या. "वी इट!"

रेविनचा हात छातीशी गेला. "तुम्ही घरटी खाता?"

आता हिला कुठून सांगायचं! शांताबाईंनी हेजमधली एक कुरडई ओढली, झटकली आणि कडाकडा चावून दाखवली. मग पोट मोठं असल्याची खूण केली, घराकडे बोट केलं. रेविन बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"दीप्तीसाठी? ओह, स्वीट ॲज! मस्तच! थांब, बादली आणते!"

मग दोघी लागल्या कामाला. रेविन शिडीवर, शांताबाई खाली. गुलाबांतून, छपराच्या पन्हळीतून, मांजराच्या तावडीतून कुरडया गोळा होऊ लागल्या. बादली अर्धी भरली आणि एकाएकी वारा पडला. शांताबाईंच्या अंगावर काटा आला. दक्षिणेकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं, आणि बघता बघता बर्फासारख्या पावसानं दोघींना झोडपून काढलं.

"आत ये!" रेविन ओरडली.

"नो! माय कुरडई!" शांताबाई भिजत वेचतच राहिल्या. शेवटी उलट्या पडलेल्या ट्रॅम्पोलिनखालचं प्लास्टिक ओढून, त्याला चिकटून राहिलेल्या दहाबारा कुरडयांसकट त्या घरी परतल्या.

स्वयंपाकघरात कुडकुडत त्यांनी ते प्लास्टिक पसरलं. कुरडया मऊ लिबलिबीत. बादलीतल्या तर पानं, माती आणि मांजराचे केस. आता मात्र त्यांचा धीर सुटला. खुर्चीत बसून त्या चक्क रडू लागल्या.

"आई! काय झालं?" मीटिंग संपवून दीप्ती धावत आली.

"हरले गं. तोंड उघडून एक गोष्ट मागितलीस तू, आणि माझ्याच्यानं तेवढीही झाली नाही."

दीप्तीनं प्लास्टिककडे पाहिलं. एक ओलसर कुरडई सोडवून तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी. पाचवीला तिनं डोळेच मिटले.

"अगं, कच्च्या आहेत त्या! तळायच्या राहिल्यात!"

"आई, मला अशाच हव्या होत्या," दीप्ती तोंड भरून म्हणाली. "अर्ध्याओल्या. लहानपणी गच्चीवरून चोरून खायचे तशा."

"मग बोलली का नाहीस, बयो?"

"तुम्ही एवढ्या जिद्दीनं वाळवायला निघालात. मध्ये बोलायची सोय होती का?"

शांताबाईंनी डोळे पुसले. सुनेनं प्लास्टिक साफ केलं होतं. दोन महिन्यांत प्रथमच तिनं पोटभर खाल्लं होतं, आणि रविवारी ताटात हेच हवं, असं वर बजावलं होतं.

रविवारी सकाळी फ्रिजमधला चीक शिजला. यतीननं अंगणात टेबल मांडून दिलं, फोन पाहिला आणि आनंदानं ओरडला, "आई, जिंकलीस! दिवसभर कडक ऊन. वारा नाही, आभाळात एक ढग नाही!"

रेविन मोठी छत्री घेऊन टेबलावर सावली धरून उभी होती. शांताबाई दुसऱ्या बाजूनं ओला पंचा धरून होत्या. त्यांनी वर निळ्याशार आभाळाकडे रागानं पाहिलं.

"मेलं हे ऊन! जेवणाच्या वेळेपर्यंत पार वाळून खडखडीत होतील," त्या म्हणाल्या. "बघ रे तुझ्या त्या फोनात. तुझी ती सदर्ली कुठवर आलीय?"