हिरव्या तोंडाची बाई

आमच्या शेजारच्या जगताप काकू बायकांची तोंडं हिरवी रंगवायच्या. तैलरंगात, चांगली चार-चार फुटी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरलोच.

"काकू, हिरवी का?"

"दाबून ठिवल्याला राग हिरवाच असतो. तुमी बायकूच्या तोंडाकडं कदी नीट बगितलंय का?"

मी घरी जाऊन नीट बघितलं. बायको म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाही का?"

काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा तुर्भ्याला ट्रक रंगवायचा. मागच्या फळ्यांवरचे मोर आणि गाई काकूच भरायच्या, खाली नाव मात्र त्याचं. तो गेला आणि काकू सानपाड्याला मुलाकडे आल्या, त्या ब्रश घेऊनच. नऊवारीवर मुलाचा जुना शर्ट चढवून त्या जिन्यात रंगवत बसायच्या. टर्पेंटाइनच्या वासाला गॅस लीक समजून मी दोनदा अख्खा मजला खाली उतरवला होता. रंग जरा सौम्य घ्या म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "लाजल्याला रंग लांबनं दिसत न्हाई."

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या तोंडावर सोसायटीच्या हॉलचं प्लास्टर पडलं. मी सेक्रेटरी. भिंत झाकायला काकूंकडे एखादी सीनरी मागितली. ऐन वेळी वॉचमनने आणून टांगली ती केस मोकळे सोडलेली, डोळे फाडून बघणारी, हिरव्या तोंडाची बाई. काढायला स्टूल घेतलं, तोच बायका आल्या.

पहिल्या वहिनींनी हातच जोडले. "अय्या, यंदा देवी पण बसवली?" आणि सरळ तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. मागोमाग रांग लागली. कुणी खण ठेवला, कुणी नारळ. मी स्टुलावर तसाच, तोंड उघडं टाकून.

तेवढ्यात दारात काकू दिसल्या. त्यांना बोलावणं नव्हतं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे आमच्या सोसायटीत कुणी ठरवलं नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होतं. चित्र नीट लागलंय का, एवढंच बघायला त्या आल्या होत्या. माझ्या बायकोने काकूंकडे बघितलं, मग चित्राकडे. तेच नाक, तीच हनुवटी.

"अगं बाई! या तर काकू!"

एकीच्या हातातला तिळगूळ खाली पडला. तीन वर्षं दाराला दार लागून राहत होतो आणि मी हा चेहरा ओळखला नव्हता. मला माझीच लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून खिशातून रुमाल काढला. "सॉरी काकू, पुसतो लगेच."

काकूंनी पुढे येऊन माझा हात धरला. एरवी अख्खा जिना दणाणून सोडणारा आवाज, तो अगदी बारीक झाला होता.

"ऱ्हाऊ द्या, सेक्रेटरी. रंग अजून वला हाय. वाळला, की कुकू त्यातच बसंल. मंग कुनाला पुसता यायचं न्हाई."