टिटवीचा आधी सुटणारा पाय

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं माझे भाऊजी स्वतःबद्दल सांगतात. सांगताना त्यांचा चष्मा कपाळावर असतो आणि ते तो सोफ्याखाली शोधत असतात. सकाळपाळीला छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि उरलेल्या वेळात गुप्तहेरगिरी करायची, असा त्यांचा दिनक्रम. मी त्यांचा मदतनीस. ताईचा सख्खा भाऊ असल्यामुळे राजीनाम्याची सोय नाही.

या वेळचं प्रकरण घरातलंच होतं. टिटवी, म्हणजे लांब टांगांची माझी भाची, बास्केटबॉल खेळते. हल्ली दर सामन्यात पंच शिट्टी मारून तिच्या हातचा चेंडू काढून घेत होते. गुन्हा एकच, ट्रॅव्हलिंग. प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं की सरावात पुन्हा हेच दिसलं तर अंतिम सामन्यात बाकावर बसायचं. पोरगी धड जेवेना.

"ट्रॅव्हलिंग म्हणजे प्रवास," भाऊजी म्हणाले. "एवढ्याशा मैदानात प्रवास करून ती जाणार कुठे? यात काहीतरी काळंबेरं आहे."

बुटांच्या तळव्यांना कोणीतरी तेल फासलंय, हा पहिला सिद्धान्त. भाऊजींनी बूट नाकाला लावून तपासले. तेल सापडलं नाही, पण ते बराच वेळ खिडकीत उभे राहून श्वास घेत होते.

पंचांची नजर अधू असणार, हा दुसरा. आम्ही पंचांचा पाठलाग केला. ते चष्म्याच्या दुकानात शिरले, तसं भाऊजींनी विजयी मुद्रेने मला कोपर मारलं. पंच काउंटरच्या पलीकडे जाऊन बसले. दुकान त्यांचंच होतं.

"या काका," ते म्हणाले. "मघापासून मागे येताय. नंबर वाढलाय का?"

भाऊजींनी नाइलाजाने ओळख सांगितली. पंचांनी चष्म्याची डबी हातात घेऊन नीट समजावलं. "दोन्ही पायांवर उभं राहून चेंडू धरला की एक पाय जमिनीला खिळलेला राहिला पाहिजे. पळत सुटायचं तर तो पाय उचलायच्या आधी चेंडू हातातून सुटायला हवा. लोक पावलं मोजत बसतात आणि फसतात. मी तो एक पाय बघतो. तुमच्या मुलीचा पाय आधी सुटतो, चेंडू मागून. पोरगी गुणी आहे हो, शिट्टी वाजवताना मलाच वाईट वाटतं."

"म्हणजे तिला कोणीतरी मुद्दाम चुकीचं शिकवतंय," भाऊजी रस्त्यात म्हणाले. "माणूस घरातला आहे." आणि घरापर्यंत ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलं आणि टिटवीला हाक मारली. "रोज दुपारी करतेस तसं करून दाखव बघू."

मी चेंडू फेकला. टिटवीने तो झेलला, चवड्यांवर चालत उंबरठा ओलांडला आणि बाहेर गॅलरीत गेल्यावर पहिल्यांदा आपटला.

"आत का नाही आपटलास?" ताईने विचारलं.

"बाबा झोपलेले असतात ना. आवाज झाला की ओरडतात."

"मी झोपत नाही," भाऊजी म्हणाले. "चिंतन करतो."

"घोरत घोरत?" ताईने शेवटची घडी घातली.

टिटवीचा उतरलेला चेहरा भाऊजींना बघवेना. "आजपासून इथे, माझ्या पलंगाशेजारी आपट," ते म्हणाले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला. पुढे आठवडाभर दुपारी ते डोक्यावर उशी दाबून चिंतन करत होते.

अंतिम सामन्यात टिटवी खेळली. चेंडू झेलला, आधी आपटला, मग पाय उचलला. पंच टक लावून बघत होते, शिट्टी तोंडातच राहिली. टिटवी बास्केट करून आली तेव्हा तिचं हसू बघून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

बाईंनी तिला विचारलं, "एवढ्यात सुधारलीस कशी गं?"

"बाबांची झोप उडाली," टिटवी म्हणाली.

भाऊजींनी कॉलर ताठ केली आणि मला म्हणाले, "बघितलंस? तपासासाठी झोप उडवून घ्यावी लागते. पोरीला सगळं कळतं."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मदतनीस असल्यामुळे मान डोलावली.