अकराची भरती

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका खाडीत फेरीबोट चालवणाऱ्या सहकारी संस्थेला प्रोग्रॅम लिहिण्यासाठी एक एआय सहाय्यक नेमायचा होता. त्यासाठी पाच जणांची निवड समिती नेमण्यात आली. पाचांपैकी चौघांना प्रोग्रॅम म्हणजे गणपतीतला कार्यक्रम वाटत होता, त्यामुळे समिती निःपक्षपाती होती याबद्दल दुमत नव्हतं.

उरलेली पाचवी राही. पुण्याची कंपनी सोडून ती वडिलांजवळ, म्हणजे आप्पांजवळ, राहायला गावी आली होती आणि संस्थेत सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर होती. सहाय्यक निवडायचा, त्याच्याकडून बोटीच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम करून घ्यायचा, अहवालावर सही करायची, की ती कायम होणार होती. नाही तर पुन्हा पुणे, आणि गुडघे धरून बसलेले आप्पा घरी एकटे. तिला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

अडचण वेळापत्रकातच होती. भरती असेल तरच बोट पलीकडच्या धक्क्याला लागते, आणि भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. ही अनियमितता संस्थेचे चेअरमन भिकाजी पाष्टे यांच्या नजरेतून सुटली नव्हती. मुंबईच्या एका कार्यालयात, आस्थापना शाखेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो. वार्षिक सभेत त्यांनी ठराव क्रमांक सात मांडला : एक एप्रिलपासून भरती दररोज सकाळी अकरा वाजता येते असे समजण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

बोटीचे तांडेल करीमचाचा तेवढे उभे राहिले होते. "ठराव झाला ते बरं झालं," ते म्हणाले, "पण पाण्याला कोणी कळवलंय काय?"

इतिवृत्तात याची नोंद "श्री. करीम यांनी ठरावाचे स्वागत केले" अशी झाली.

निवडीसाठी तीन सहाय्यक आले. वशिला नको म्हणून त्यांना अ, ब आणि क म्हणायचं ठरलं. गुणांची विभागणी चेअरमननी स्वतः केली : नम्रता चाळीस, आज्ञापालन तीस, मराठी वीस, अचूकता दहा. प्रश्न एकच. ठराव क्रमांक सातप्रमाणे वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लिहा.

अ ने प्रोग्रॅम लिहिला, पण भरतीची वेळ रोज वेगळी धरली आणि खाली तीन ओळींत कारण दिलं. चेअरमननी चष्मा काढला. "ठरावावर टिपणी लिहायचा अधिकार याला कोणी दिला?"

ब ने काहीच लिहिलं नाही. "अकरा हा आकडा कुठून आला, ते कळेल का?" एवढंच त्याने विचारलं.

"नेमणुकीआधीच माहितीचा अधिकार," चेअरमन म्हणाले आणि त्याच्यापुढे शून्य मांडलं.

मग क आला. "बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर," त्याने सुरुवातच तशी केली. "भरती अकराला कायम केली आहे. आणखी काही बदल हवेत का?"

चेअरमन खुर्चीत जरा पुढे सरकले. पस्तीस वर्षांत त्यांच्याशी इतकं आपुलकीनं कोणी बोललं नव्हतं. "अमावास्या दुसऱ्या शनिवारी घेता येईल काय? मधल्या वारी आली की लोकांचा खाडा होतो."

"फारच दूरदृष्टीचा विचार आहे. घेतली."

राही चाचरत म्हणाली, "साहेब, अकराला बोट चिखलात बसेल."

"तू अ ला ओळखतेस काय?" चेअरमननी मायेने विचारलं. "त्याच्यासारखंच बोलतेस म्हणून म्हटलं. तुझी मुदत एकतीसला संपते ना?"

राहीने खिडकीतून खाडीकडे पाहिलं, मग अहवालाकडे. आप्पांचे गुडघे तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने सही केली. क ला शंभरपैकी नव्वद मिळाले. अचूकतेचे दहा गेले, पण ते सगळ्यांचेच कुठे ना कुठे जातात.

उद्घाटनाला अख्खी समिती बोटीत बसली. राहीचे आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकत आले. त्या दिवशी भरती संध्याकाळी पाचची होती. ठीक अकराला करीमचाचांनी आभाळाकडे बघत बोट सोडली, आणि निम्म्या वाटेवर ती चिखलात बसली ती बसलीच.

चेअरमननी मोबाइल काढला. "बोट रुतली आहे," त्यांनी लिहिलं.

"आपलं निरीक्षण अचूक आहे," क ने कळवलं. "नोंदीप्रमाणे मात्र खाडीत पुरेसं पाणी आहे. गैरहजर पाण्याला कारणे दाखवा नोटीस काढू का? मसुदा जोडला आहे."

चेअरमननी मसुदा मोठ्यानं वाचून दाखवला. भाषा खरोखरच उत्तम होती. मग खूश होऊन त्यांनी तिथेच खिशातलं पाकीट काढून राहीच्या हातात ठेवलं. आत कायम नेमणुकीचा आदेश होता, आणि शेरा होता : नम्रता, चाळीसपैकी चाळीस.

आप्पांनी चारही बाजूंचा चिखल पाहिला. "हे सगळं तुझंच काम ना गो?"

"हो, आप्पा," राही म्हणाली. "आजपासून कायम." तिला रडू आलं, पण सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं.

इतक्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर क चा संदेश आला : आपण सुखरूप पोहोचलात, अभिप्राय द्या. तारे दिल्याशिवाय तो पडद्यावरून जाईना. घरी कळवायचं होतं, ऊन वाढत होतं. एकेकाने पाच-पाच तारे दिले, राहीनेही दिले. त्या ताऱ्यांच्या आधारे संस्थेने दुसरी बोटही क कडे सोपवली.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्या बोटीत असतो तर तारे दिले नसते, सहीही केली नसती.

बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर. आणखी काही बदल हवेत का?