अप्पा कॉलेज बघायला जातात

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा कॉलेज बघायला निघाले की काळी टोपी घालतात. टोपी, बंद गळ्याचा कोट, पांढरंशुभ्र धोतर आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे. हा पोशाख एरवी फक्त सोयरीक जमवायला जाताना पेटीतून निघतो. तुम्ही म्हणाल, घरात कोण शिकायचं आहे त्यांच्या? कुणी नाही. मुलगा बसवराज चाळिशीचा, उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान सांभाळतो. नातू अजून बालवाडीत आहे. अप्पा कॉलेजं बघतात ती गल्लीतल्या पोरांसाठी, आणि बऱ्याचदा त्या पोरांनी काही न विचारता.

"पोरगी द्यायची तर चार घरं बघता," ते म्हणतात. "मग पोरगं चार वर्षांला द्यायचं तर कामून न्हाई बघत?"

अप्पा स्वतः फार शिकलेले नाहीत. घरात कानडी, दुकानात मराठी आणि हमालांशी दखनी बोलतात. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला शब्द ठरलेला, 'नोडोण'. कानडीत नोडोण म्हणजे बघू. आपलं 'बघू' म्हणजे टाळाटाळ असते, अप्पांचं 'नोडोण' म्हणजे उद्या सकाळची सातची एसटी.

कॉलेजात जाऊन ते प्राचार्यांना कधीच भेटत नाहीत. "त्यो वरबाप. त्यो काय म्हणणार, आमच्या पोरात खोट हाय?" त्यांची चौकशी सुरू होते गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर, मग झेरॉक्सवाला, मग वॉचमन, आणि शेवटी मेसचा आचारी. वरण कालचं आहे का आजचं, हे त्यांना भांड्याच्या कडेवरून कळतं म्हणे. लातूरच्या एका कॉलेजात तर कोट-टोपी बघून लोकांना वाटलं की तपासणी समितीच आली. आत नेलं, खुर्चीत बसवलं, शाल-नारळ दिला. अप्पांनी शाल वॉचमनच्या खांद्यावर टाकली, नारळ मेसमध्ये दिला आणि परत येऊन गल्लीत निकाल सांगितला, "लई हाजी हाजी करून राहिलेत. स्थळात कायतरी खोट हाय."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे मी आधीच कबूल करते. त्यामुळे अप्पांच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होत्या. एक म्हणजे ते पोरांना मार्क कधीच विचारत नाहीत. विचारतात ते भलतंच. "तिथं रडू आलं तर जाशील कुठं?" पोरं हसतात. बारावी झालेला मिशी फुटलेला पोरगा काय सांगणार? पण अप्पा उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की लातूरला गेलेले अप्पा चारच्या आत घरी असतात, आणि नांदेडला गेले की शेवटच्या गाडीशिवाय येत नाहीत. बसवराजला मी एकदा विचारलंही. तो म्हणाला, "देव जाणे बाई. आम्ही इचारलं की म्हणतेत, गाडी चुकली."

दर वेळी गाडी कशी चुकते? मोंढ्यात पोत्याचं एक भोक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याची?

मग माझ्याच घरात हा प्रश्न आला. माझी प्रणिता बारावी झाली. मार्क चांगले पडले. इंजिनीअरिंगला जायचं होतं आणि पसंतीच्या कॉलेजांची यादी तीन दिवसांत ऑनलाइन भरायची होती. तिचे बाबा नोकरीला लोह्याला, ते फोनवर म्हणाले, "तू बघ." मी बघितलं. पुण्याची तीन नावाजलेली कॉलेजं लिहिली आणि थांबले. आमच्याकडे सगळे असंच करतात. खालचं कॉलेज यादीत लिहिलं की तेच पदरात पडतं, असा एक धसकाच आहे. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एका मुलीने एकच कॉलेज लिहिलं, ते लागलं नाही आणि पोरगी पहिल्या फेरीनंतर आठवडाभर दार लावून बसली. तरी आम्ही शहाणे होत नाही.

अप्पा संध्याकाळी ओट्यावर आले. यादी बघितली.

"बाई, हे यादी हाय का नवस?"

"अप्पा, खालचं लिहिलं की तेच लागतं."

"कुणी सांगितलं? वरचं लागत आसंल तर त्ये खालचं बघणारच न्हाईत. तुमच्या मनात जे हाय ते वर लिवा, मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. मार्काकडं बघून क्रम लावू नका. मार्क त्यांच्याकडं हाईतच की. पण यादी गच्च भरा. लाज कशाची?" मग प्रणिताकडे वळले. "बाळ, ही कॉलेजं बघितलीस का?"

"वेबसाइटवर फोटो आहेत, अप्पा," मीच उत्तर दिलं.

"फोटोत नवरदेव पण चांगलाच दिसतो. बाळ, तिथं रडू आलं तर जाशील कुठं?"

प्रणिता हसली नाही. उठून आत गेली. मला राग आला. चांगल्या कामाच्या वेळी हे काय अभद्र बोलणं? मी तसं म्हणालेही, जरा चढ्या आवाजात. अप्पा टोपीशिवायचं डोकं खाजवत म्हणाले, "नोडोण. उद्या नांदेडला चला. पुण्याला जायला दिवस न्हाईत. पण कॉलेज कसं बघायचं ते तरी पोरीला कळंल." नांदेड म्हटल्यावर माझा राग कुठच्या कुठे गेला. ती गाडी कशी चुकते ते बघायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सातच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. नांदेडच्या कॉलेजात अप्पांनी प्रणिताला रीतसर शिकवलं. वॉचमनशी आधी त्याच्या गावाबद्दल बोलायचं, हॉस्टेलचं विचारायचं ते नंतर. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठायचं, पहिल्या वर्षाच्या अजून हुरळलेल्या असतात. वॉर्डनबाई भेटल्या तर त्या काय सांगतात यापेक्षा त्या बोलत असताना मुली कशा उभ्या आहेत ते बघायचं. दुपारी प्रणिता मुलींशी गप्पा मारत कँटीनमध्ये बसली आणि अप्पा म्हणाले, "तुम्ही बसा. मी आलोच." प्रणिताला सांगून मी त्यांच्या मागोमाग निघाले. शिक्षिकेला शोभत नाही, पण निघाले.

अप्पा रिक्षाने थेट एसटी स्टँडवर गेले, मी दुसऱ्या रिक्षाने. उदगीरची गाडी लागते तिथल्या बाकड्यावर बसले. गाडी आली, भरली, गेली. अप्पा बसूनच. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी जाऊन शेजारी बसले तेव्हा ते दचकले नाहीत.

"आलाव का," म्हणाले. "मला वाटलंच."

"गाडी चुकली वाटतं, अप्पा."

ते थोडं हसले. मग सांगितलं. सतरा वर्षांचे असताना ते इथेच कॉलेजला आले होते. सायन्सला. वडिलांनी ट्रंक आणि वळकटी एसटीच्या टपावर चढवली आणि गाडी हलायच्या आत दुकानाकडे वळले. कॉलेज कुणीच बघितलं नव्हतं, ना बापाने, ना लेकाने.

"कॉलेज वाईट नव्हतं, बाई. लई चांगलं व्हतं. मास्तर चांगले, पोरं चांगली. पण मला रडू यायचं. खोलीत पाच जण. रडणार कुठं? मग संध्याकाळी इथं यायचो. स्टँडवर रडणाऱ्याला कुणी काय म्हणत न्हाई, समद्यांना वाटतं कुणालातरी सोडायला आलाय. उदगीरची गाडी गेली की परत जायचो. धा दिवस. अकराव्या दिशी कंडक्टर म्हणाला, काय रे, रोज नुसतं बघतूस, जायाचंय का? मी चढलो. ट्रंक पण न्हाई घेतली."

"घरी काय सांगितलं?"

"पाणी मानवलं न्हाई म्हणलं." टोपीवरची धूळ त्यांनी बोटाने उडवली. "कुणी दुसरं काही इचारलंच न्हाई. बापानं दुसऱ्या दिशी पोती मोजायला बसवलं. एकजण जरी बाराव्या दिशी म्हणला आस्ता, चल मन्मथ, मी येतो संगं, चार दिस ऱ्हातो, तर गेलो आस्तो मी परत. बसवराजच्या आईला पण सांगितलं न्हाई हे."

पन्नास वर्षं हा माणूस पाण्याचं खोटं एकटा सांभाळत होता, आणि मी त्याची गाडी कशी चुकते म्हणून पाळत ठेवून आले होते. माझी मलाच लाज वाटली.

प्रणिताला कॉलेजातून घेऊन आम्ही शेवटची गाडी पकडली. ती माझ्या शेजारी बसली होती. लोह्याच्या पुढे ती हळूच म्हणाली, "आई, मला पुण्यालाच जायचंय. पण मला भीती वाटते." हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. काल अप्पांनी विचारलं तेव्हा ती आत का गेली, ते मला आत्ता कळलं. घरी आल्यावर आम्ही यादी गच्च भरली. पुण्याची वर, नांदेडचं मध्ये, लातूरची खाली. क्रम तिने लावला.

पुण्याचं दुसऱ्या नंबरचं कॉलेज लागलं. मी आणि तिचे बाबा जाऊन सोडून आलो, आणि अप्पांसारखे आधी मेसमध्ये गेलो. रोज फोनवर ती "मी ठीक आहे" म्हणायची. तेवढंच. मी ओट्यावर बसून अप्पांना ते सांगायची. अप्पा ऐकता ऐकता दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे.

अकराव्या दिवशी अप्पा गायब. बसवराज म्हणाला, पुण्याला माल बघायला गेलेत. पुण्याहून बारदाना आणल्याचं आमच्या मोंढ्यात कुणी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी प्रणिताचा फोन आला. "आई, अप्पा आले होते. कोट घालून. हॉस्टेलच्या गेटवर दोन तास बसले होते माझी वाट बघत. आई, त्यांच्याकडे परतीची दोन तिकिटं होती. म्हणाले, बाळ, मनात असेल तर चल. कुणाला कारण सांगायचं नाही. पाणी मानवलं नाही म्हणून मी सांगतो आईला." तिने नाक ओढलं. "मी खूप रडले. तिथेच, त्यांच्यासमोर. ते नुसते बसून राहिले. मग म्हटलं, अप्पा, मी राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा अप्पा दारात रिक्षातून उतरत होते. कोट चुरगळलेला, भस्म पुसलेलं.

"काय अप्पा, कसं आहे स्थळ?"

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरीला पसंत हाय."

"आणि दुसरं तिकीट?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "शेजारची सीट रिकामीच व्हती, बाई. कंडक्टरनं दोनदा इचारलं, कुणी येनार हाय का म्हणून. न्हाई म्हणलं, न्हाई आली. अन् टोपी ठेवली त्या सीटवर. लई वर्सांनी उदगीरच्या गाडीत झोप लागली बगा."